वापरायला की देण्याघेण्यात?

आमच्या कार्यालयात सगळ्यात जास्त निरोप समारंभ ३१ मेला व्हायचे. त्याचं कारण गावच्या शाळेत आहे. त्या पिढीतल्या मुलांची जन्मतारीख घरी कुणाला धड ठाऊक नसायची. मग नाव घालताना गुरुजी १ जून लिहून टाकायचे. एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मे, मध्यान्होत्तर. नागपुरात तेव्हा ऐन नवतपा असतो, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. सभागृहात दोन कूलर घरघरत असायचे, तरी पाठीला कपडा चिकटायचा, आणि अशात आम्ही एकेकाला पुढे बोलावून त्याच्या खांद्यावर शाल घालायचो.

२०१३ साली मे महिन्याच्या २३ तारखेला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्यानंतर आठ दिवसांनी आमचा असाच समारंभ झाला. निवृत्त होणाऱ्या चौघांत एक वाहनचालक होते. शाल अंगावर पडली तशी त्यांच्या कानामागून घामाची एक धार निघाली आणि शालीच्या काठात जिरली. त्यांनी शाल काढली नाही. फोटो होईपर्यंत, साहेबांचं भाषण होईपर्यंत, पोह्यांच्या प्लेटा फिरेपर्यंत ते तसेच बसून राहिले. मान दिला आहे, तो काढून कसा ठेवायचा? शाल मीच आणली होती. त्या रात्री मी हिशेबाची वही उघडली आणि शालीच्या किमतीपुढे एक फुली मारून ठेवली.

ती वही माझ्याकडे कशी आली ते आधी सांगते. मी १९९१ साली सिंचन खात्यात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. आमचं कार्यालय नागपुरात, पण माणसं सगळी कालव्यावरची: कालवा निरीक्षक, मोजणीदार, चौकीदार, वाहनचालक. पेंचचं पाणी नवेगाव खैरीहून डाव्या-उजव्या कालव्यांनी पारशिवनी, रामटेक, मौद्याकडे जातं. त्या पाण्यामागे आयुष्यभर चाललेले हे लोक. बाया आम्ही तिघी-चौघी. कुणी निवृत्त होणार म्हटलं की वर्गणी गोळा करायची आणि भेट आणायची, हे काम माझ्यावर आलं. "ताई, तुम्हाला खरेदीतलं कळतं," असं म्हणून बडे बाबूंनी वही माझ्या टेबलावर ठेवली, आणि ती पुढे जवळजवळ तीस वर्षं माझ्याकडेच राहिली. मला साडीतलं कळत होतं. आयुष्य कालव्याच्या बांधावर काढलेल्या पुरुषाला काय द्यावं, यातलं मला काहीही कळत नव्हतं.

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं. शाल, श्रीफळ, पॅन्टपीस-शर्टपीस, भिंतीवरचं घड्याळ. वहिनी सोबत आल्या असतील तर त्यांची साडीनं ओटी. शाल-टॉवेलसाठी गांधीबागेतल्या कपड्याच्या ठोक बाजारात जायचे. तिथल्या एका दुकानातल्या म्हाताऱ्या शेठजींनी पहिल्याच दिवशी मला जो प्रश्न विचारला, तो मी पुढे कधी विसरले नाही. मी म्हटलं, चांगल्यातले टॉवेल दाखवा. ते म्हणाले, "वापरायला पाहिजेत की देण्याघेण्यात?"

ज्यांनी लग्नाचा बस्ता बांधला आहे त्यांना हा प्रश्न नवा नाही. साड्यांमध्ये देण्याघेण्याचा ढीग वेगळा असतो, तसाच तो टॉवेलांतही असतो. आमच्याकडे लग्नात पुरुषाला टोपी-दुपट्टा नाहीतर टोपी-टॉवेल देण्याची रीत. टोपी मापाची नसतेच, ती डोक्यावर ठेवायची आणि उतरवायची. टॉवेल मी शेठजींच्या समोर उघडून पाहिला. घडीत असताना तो जाड वाटत होता, कारण त्याला खळ होती. उघडून उजेडात धरला तर पलीकडचं दुकान दिसत होतं. बोटावर पाण्याचा थेंब घेऊन लावला, तर थेंब वरच्या वर राहिला. शेजारी ठेवलेला वापरायचा टॉवेल तीसेक रुपयांनी महाग होता, आणि त्याच्यावर थेंब पडल्या पडल्या नाहीसा झाला.

तीस रुपये. गिऱ्हाईक मागतं तेच शेठजी ठेवत होते, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. मला लागलं ते हे, की एकच वस्तू आपण स्वतःसाठी घेतो तेव्हा थेंब टाकून बघतो, आणि माणसाला मान म्हणून देतो तेव्हा फक्त घडी बघतो. देण्याघेण्यातला टॉवेल कुणी वापरतच नाही. तो एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जातो, एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जातो, आणि शेवटी कुणीतरी त्यानं सायकल पुसतं.

त्या वाहनचालकांच्या घरी मी नंतर एकदा गेले होते, पेन्शनच्या कागदावर सही राहिली होती म्हणून. वहिनींनी चहा टाकला आणि माळ्यावरची पेटी काढून दाखवली. नात्यातल्या लग्नांतले, वास्तूचे, सत्काराचे सगळे कपडे तिच्यात होते. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. अकरा शाली होत्या. त्यात आमची वरच होती, कॅरीबॅगेतून बाहेरसुद्धा काढलेली नव्हती. वहिनी कौतुकानं दाखवत होत्या, "पहा ना ताई, लोकायनं किती मान देला यायले." मान होताच, त्यात शंका नाही. पण ते स्वतः दारात बसून पाय चोळत होते. पायांत रबरी स्लीपर होती आणि तिचा एक अंगठा तारेनं बांधलेला होता.

माझं माहेर उमरेडकडचं. आमच्या शेतीवर एक सालदार होते, आम्ही पोरं त्यांना काका म्हणायचो. पाडव्याला साल ठरायचं. त्यात धान्य, पैसा आणि पोळ्याचे कपडे. पोळ्याच्या आठ दिवस आधी बाबा काकांना अंगणात उभं करायचे आणि सुतळीनं पायाचं माप घ्यायचे. टाचेपासून अंगठ्यापर्यंत एक गाठ, चवड्याच्या रुंदीला दुसरी. ती सुतळी खिशात टाकून बाबा उमरेडच्या बाजाराला जायचे आणि मोच्यासमोर ठेवायचे. धोतर, बंडी, दुपट्टा आणि जोडा घेऊन काका पोळ्याच्या दिवशी बैलांसोबत तोरणाखाली उभे राहिले की घरचेच वाटायचे. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आम्ही लाकडी बैल घेऊन घरोघर खाऊ-पैशांचा बोजारा मागायला निघायचो, आणि काका नवा जोडा घालून चिखलातून आमच्या मागे यायचे.

यात बाबांचा मोठेपणा सांगायचा नाही. ते कपडे काकांच्या मजुरीचाच भाग होते, आणि त्या मजुरीत त्यांचं वर्ष निघत नव्हतं हे मला पुढे समजलं. पण ती दोन गाठींची सुतळी मला गांधीबागेत आठवली. घेणाऱ्याचा पाय प्रत्यक्ष हातात धरून मग बाजारात जाणं, हे मी कार्यालयासाठी एकदाही केलं नव्हतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. कुणी निवृत्त होणार असं आस्थापना शाखेकडून कळलं की मी त्या माणसाकडे तीन महिने आधीपासून बघायला लागायचे. विचारून उपयोग नसतो. आमच्याकडच्या पुरुषांना काय हवं म्हणून विचारलं तर एकच उत्तर येतं: "मले काय पाह्यजे जी ताई, काहीच नको." खोटं बोलत नसतात ते. स्वतःसाठी काही हवं असण्याची त्यांची सवयच गेलेली असते. घरात पहिली वस्तू पोरांची, मग बायकोची, मग घराची. त्यांची स्वतःची चप्पल, चष्मा, पाकीट, छत्री या वस्तू फाटेपर्यंत चालतात आणि फाटल्यावरही चालतात. म्हणून विचारण्यापेक्षा बघायचं. काय तारेनं बांधलं आहे, काय दुसऱ्याकडून मागून घेतो, कशावरून चिडतो, कोणत्या कामाला नकळत टाळतो.

तरी चुका झाल्या. एक चूक मला अजून टोचते. एका मोजणीदारांचे गुडघे गेले होते. तीस वर्षं बांधावरून चालण्याचा परिणाम. जिना चढताना ते कठड्याला धरून थांबायचे, आणि कुणी पाहिलं तर बुटाची लेस बांधल्यासारखं करायचे. मला वाटलं, आपण नेमकं हेरलं. महालातून शिसवी मुठीची सुंदर काठी आणली. समारंभात ती त्यांच्या हातात दिली तेव्हा टाळ्या वाजल्या. ते हसले, फोटोही काढला. दोन दिवसांनी जुन्या फाइली शोधताना ती काठी मला कपाटाच्या मागे सापडली, कागदासकट. त्यांनी ती घरी नेलीच नव्हती. त्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न व्हायचं होतं, ते पाहुण्यांपुढे उभे राहणार होते, आणि मी साठ माणसांसमोर त्यांना म्हातारं ठरवलं होतं. ती काठी मी घरी घेऊन आले. त्यांच्याकडे जाऊन माफी मागायचं धाडस मला झालं नाही, आणि तीन वर्षांनी ते गेले.

पुढे अशाच गुडघ्यांचे एक निरीक्षक निवृत्त झाले. त्यांच्यासाठी मी सीताबर्डीवरून काळ्या कापडाची, लांब दांड्याची, जाड लोखंडी टोकाची छत्री आणली. मिटवून उभी केली तर बरोबर त्यांच्या मनगटापर्यंत यायची; उंची मी दुकानात स्वतःच्या कंबरेवरून अंदाजून घेतली होती. छत्री पाहून ते म्हणाले, "लय मोठी आहे जी." दोन वर्षांनी ते मला अंबाझरीच्या पाळीवर सकाळी फिरताना दिसले. महिना नोव्हेंबर, आभाळ कोरडं, आणि हातात ती मिटलेली छत्री. तीन पावलांमागे एकदा ती जमिनीला टेकत होती. मला बघून त्यांनी छत्री उचलून रामराम केला. "पावसाचा काय भरोसा, ताई," म्हणाले. मी म्हटलं, खरं आहे.

दुकानात पुरुषांसाठी म्हणून जो एक कप्पा असतो तो मी लवकरच सोडून दिला. बेल्ट, पाकीट आणि पेन असा तिघांचा मखमली डबा, नाहीतर अत्तराची बाटली, नाहीतर टायपिन. त्यात पैसा डब्याचा असतो. पट्टा कंबरेला होत नाही, आणि आयुष्यभर कार्यालयाच्या पेनानं सह्या केलेल्या माणसाला निवृत्तीच्या दिवशी पेन देऊन आपण काय सांगतो? रुमाल मात्र मी द्यायचे, चांगल्या सुती कापडाचे, मोठ्या आकाराचे. रुमाल दिला की दुरावा येतो म्हणतात. म्हणून त्यांच्याकडून एक रुपया मागून घ्यायचे. त्या रुपयांची माझ्या टेबलात एक डबीच झाली होती.

पुरुषाला हत्यारं आवडतात, हाही असाच एक सरसकट समज. नागपुरात होळी झाली की घरोघर कूलर खाली उतरतात. गवत बदलायचं, पंप बघायचा, पंख्याला तेल द्यायचं. एका वाहनचालकाला आम्ही दोन पेचकस, पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी आणि कूलरचा एक जास्तीचा पंप असं सगळं एका पत्र्याच्या पेटीत घालून दिलं. पाचशे रुपयेही लागले नाहीत. त्यानं गल्लीतले सगळे कूलर त्या उन्हाळ्यात स्वतः बसवले. ते बघून मी हुरळले आणि पुढच्या वर्षी तशीच पेटी एका लेखापालांना दिली. ते नेमके विजेच्या बटणालाही भीत भीत हात लावणारे निघाले. त्यांना लागत होतं ते सकाळी खुर्चीत बसून पेपर वाचताना डोळ्यांवर येणारं ऊन अडवण्यापुरतं वाळ्याचं एक तट्ट. ते मला त्यांच्या मुलीनं नंतर सांगितलं. तिला आधी विचारलं असतं तर?

म्हणून मी घरच्यांना विचारायला लागले. तेही सरळ नाही. "भाऊ घरी आल्यावर आधी काय करतात?" एवढंच विचारायचं. एका कालवा चौकीदाराच्या बायकोनं सांगितलं, घरी कुठं येतात जी, आले की वावरात जातात. मौद्याकडे त्यांचं तीन एकर धान. शेतीची लाइन कधी दिवसा, कधी रात्री, पाळीनं असते. रात्री लाइन आली की मोटर सुरू करायला बांधावरून जायचं, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि पाणी फोडायला फावडं धरायला तिसरा हात नाही. बॅटरी तोंडात धरतात, असं ती म्हणाली. आम्ही त्यांना डोक्याला बांधायची बॅटरी दिली, चार्जिंगची. दोन्ही हात मोकळे. सोबत गुडघ्यापर्यंतचे गमबूट दिले, सापाकिरड्याच्या भीतीनं. गमबुटांचं माप मी सुतळीनं घेतलं. वर्गणीतून काही पैसे उरले, त्याचे पेढे आणले. समारंभात गमबूट टेबलावर ठेवलेले पाहून एक वरिष्ठ नाराज झाले होते. त्यांना ते शोभेसं वाटलं नाही. चौकीदारानं मात्र तिथंच, सगळ्यांसमोर, एक पाय घालून बघितला.

सगळ्यात जपून करावं लागलं ते नाईकांच्या चष्म्याचं काम. चतुर्थ श्रेणीची निवृत्ती साठाव्या वर्षी, आमची अठ्ठावन्नाव्या. नाईकमामा डाक वाटायचे. शेवटची चार-पाच वर्षं ते पाकीट हात लांब करून धरायचे, मग खिडकीकडे जायचे, मग एखाद्या पोराला म्हणायचे, "वाच रे बाबू, उजेडच नाही इथं." जवळचं दिसणं चाळिशीनंतर सगळ्यांचंच कमी होतं, पण त्यांनी ते उजेडावर ढकललेलं होतं. चष्मा तपासल्याशिवाय देता येत नाही, आणि तपासायला चला म्हटलं तर ते आलेच नसते. मी म्हटलं, मामा, मला सीताबर्डीला चष्मा आणायला जायचं आहे, गर्दी फार असते, सोबत येता का? दुकानात माझी काच बदलून होईपर्यंत मी तिथल्या मुलाला सांगितलं, यांचंही बघून ठेव. मामा खुर्चीत बसले. मुलानं एकेक भिंग बदललं. एका क्षणी ते वाचता वाचता थांबले आणि नुसतेच तक्त्याकडे बघत राहिले.

समारंभात चष्म्याची डबी दिली तेव्हा त्यांनी ती उघडली नाही. सगळे पोह्यांकडे वळल्यावर मी पाहिलं, ते कोपऱ्यात उभे होते. चष्मा डोळ्यांवर, हातात स्वतःच्याच सत्काराचं मानपत्र. एकेक ओळ बोटानं वाचत होते. नंतर त्यांनी खालची छापखान्याची बारीक ओळसुद्धा वाचली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले आणि तिथल्या तिथी वाचल्या.

पाकिटाबद्दल मला नेहमी विचारलं जातं. पैसेच द्या, ज्याला जे लागेल ते घेईल. यात तथ्य आहे, आणि दोन वेळा आम्ही तेच केलं. एकाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं, दुसऱ्याच्या घरी आजारपण. तिथं वस्तू देणं चुकीचंच झालं असतं. पण ज्यांचं बरं चाललं होतं, त्यांना दिलेल्या पाकिटांचं काय झालं ते मी पुढे विचारत गेले. १००१ रुपये पोराच्या फीत गेले, गॅसच्या शेगडीत गेले, भाचीच्या लग्नाच्या आहेरात गेले. तो आहेर देण्याघेण्यातलाच असणार. स्वतःसाठी त्यातला एक रुपयाही कुणी वापरला नव्हता. त्या माणसालाच लागेल, दुसऱ्या कुणाच्या अंगाला-पायाला होणार नाही, अशी वस्तू दिली तरच ती त्याच्यापाशी राहते, हे मला त्यातून कळलं.

माझ्या सासऱ्यांकडे अशी एक वस्तू होती. ते एम्प्रेस मिलमध्ये साचेवाले होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती मिल २००२ साली बंद झाली, आणि सासरे त्याआधीच कामावरून सुटले होते. त्यांच्या लग्नात त्यांच्या सासऱ्यांनी एचएमटीचं चावीचं घड्याळ दिलं होतं. पाळीनं काम करणाऱ्या माणसाला वेळ कळणं म्हणजे हजेरी आणि पगार. रोज सकाळी दात घासून झाले की ते घड्याळाला चावी द्यायचे, कानाशी धरून ऐकायचे, मग बांधायचे. पट्टा चार वेळा बदलला असेल. मिल सुटल्यावरही चावी सुटली नाही. देणाऱ्याला त्यांनी जावई म्हणून पाहिलं होतं दोन-चार वेळाच, पण दिवसातून एकदा त्याची आठवण व्हायची.

आमच्याच शाखेतले एक सहकारी दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जायचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांचे वडील त्या मैदानात होते. नागपुरात त्या दिवसांत पुस्तकांची जी विक्री होते ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा पाहावी. खेड्यांतून आलेली माणसं भाकरीच्या पिशवीत पुस्तकं घालून परत जातात. शासनानं १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे खंडही हे सहकारी एकेक करत जमवत होते. ते निवृत्त होताना सगळ्यांचं एकमत होतं, पुस्तकं द्या. मी त्यांच्या घरी आधी जाऊन आले होते. पुस्तकं तांदळाच्या कोठीवर, पलंगाखाली, शिलाई मशिनच्या पेटीत होती. खालच्या पुस्तकांना वाळवी लागली होती, आणि त्यांनी ती पानं ब्रशनं झाडून परत ठेवली होती. आणखी पुस्तकं देऊन ती कुठं ठेवणार? आम्ही त्यांना लोखंडी रॅक दिला, पाच खणांचा, भिंतीला खिळ्यांनी बसवायचा. वर्गणीत तो बरोबर बसला. दोन मुलांनी तो घरी नेऊन लावून दिला. पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला. खंड पहिल्यांदाच क्रमानं लागले होते, आणि मधला एक कमी आहे हे त्यांना तेव्हा कळलं होतं. तो आणायला ते निघाले होते.

शालीचं पुढे असं झालं. मी साहेबांपुढे विषय मांडला की मार्च ते जून शाल नको, सुती दुपट्टा देऊ. साहेब म्हणाले, सत्काराला शालच शोभते. मी हट्ट धरला नाही, दुपट्टाच आणून दाखवला. गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली या भागांत कोष्टी विणकरांचे माग होते. आता खटखट थोड्याच घरांतून ऐकू येते. तिथल्या एका घरून मी पांढरा, लाल काठाचा, भरड सुताचा दुपट्टा आणला. शालीपेक्षा स्वस्त पडला. सूत पाणी पितं, ओला करून डोक्याला गुंडाळला की वाऱ्यावर वाळता वाळता डोकं गार ठेवतो. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे सांगायला लागत नाही. साहेबांनी तो हातात घेतला, घडी मोडली, उजेडात धरला. पलीकडचं दिसलं नाही. त्या वर्षी ३१ मेला चार दुपट्टे घातले गेले. समारंभ संपल्यावर बाहेर पार्किंगमध्ये पाहिलं, तर चारपैकी तिघांनी दुपट्टा डोक्याला बांधून तोंडावरून फिरवला होता, गाड्यांना किक मारत होते. भर दुपारचं ऊन होतं. एकाचा हार तेवढा हँडलला लटकत होता.

मी स्वतः निवृत्त झाले तेव्हा वही एका तरुण लिपिकाला दिली. मुलगा चुणचुणीत, मोबाइलवर दोन मिनिटांत पन्नास वस्तू दाखवणारा. पहिलंच नाव होतं एका चौकीदारमामांचं, कार्यालयाच्या फाटकावरच्या. मुलगा मला विचारायला घरी आला, "मॅडम, मामांना काय आवडत असेल?" मी म्हटलं, आठ दिवस त्यांच्यासोबत जेव.

आठव्या दिवशी तो परत आला. म्हणाला, मामांचा जेवणाचा डबा तीन पुडाचा आहे, स्टीलचा, जुना. त्याची कडी तुटली आहे, रबरबँडनं बांधतात. नवा चांगला डबा घेऊ, गरम राहणारा. मी म्हटलं, छान, पण आधी विचार, हा डबा कुठला. तो गेला आणि संध्याकाळी त्याचा फोन आला. डबा मामींच्या माहेरचा होता. त्यावर त्यांचं नाव कोरलेलं होतं. मामी जाऊन सहा वर्षं झाली होती.

मुलानं मग काय केलं ते मी समारंभाला पाहुणी म्हणून गेले तेव्हा पाहिलं. आदल्या दिवशी काहीतरी निमित्त काढून त्यानं डबा मागून घेतला होता, आणि इतवारीत भांडी दुरुस्त करणाऱ्याकडून नवी कडी बसवून आणली होती. साठ रुपये लागले. उरलेल्या वर्गणीत गादी आणि पांघरूण घेतलं, कारण मामा रात्रपाळीला बाकावर नुसती सतरंजी टाकत. डबा धुऊन-पुसून त्यात पेढे भरले होते. मामांनी आधी वरून हात फिरवला, नावावर. मग कडी उघडली, लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली. खट्ट असा आवाज येत होता. पेढे त्यांनी तिथं कुणालाच वाटले नाहीत. डबा पिशवीत ठेवला आणि पिशवी मांडीवर घेऊन भाषणं ऐकत बसले.